हरायची नोकरी

सतरा वर्षांची असताना ती देशातल्या मुलींमध्ये पहिली आली. अठरा वर्षांखालच्या मुलींची टेनिस स्पर्धा तिने जिंकली आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तिचा फोटो छापून आला. फोटोखाली नाव मात्र हरलेल्या मुलीचं होतं. आईने संपादकांना पत्र लिहिलं. आठ दिवसांनी पेपराने चूक दुरुस्त केली. या वेळी नाव बरोबर होतं, फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी होता. आई पुन्हा पत्र लिहायला बसली तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे आता. आणखी दुरुस्त करायला गेले तर कप परत मागतील."

तेव्हापासून गल्लीत तिला सगळे चॅम्पियन म्हणायला लागले. किराणावाला म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, समोरच्या घरातली नर्स म्हणायची. "चॅम्पियन, तुमच्या गॅलरीतला टॉवेल खाली पडलाय." पुढे पुढे तर नव्याने राहायला आलेल्या लोकांना ते तिचं आडनाव वाटायचं.

टेनिस तिच्या घरात कुणाच्या सात पिढ्यांत नव्हतं. बाबा कवळ्या बनवायचे. पुढच्या खोलीत एक दंतवैद्य पेशंट बघायचा आणि मागच्या खोलीत, खिडकीपाशी, बाबा मेण, प्लास्टर आणि बारीक कानशी घेऊन बसायचे. एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ थेट मागच्या खोलीत आले आणि म्हणाले, "तुमची कवळी कुचकामाची आहे. ओरडलं की निसटते."

"ओरडता कशाला?" बाबांनी विचारलं.

"तोच माझा धंदा आहे. मी टेनिसचा कोच आहे."

बाबांनी कवळी घासली, पुन्हा बसवली, पुन्हा घासली. खोलीत बसून कोच कितीही ओरडले तरी दात जागचे हलेनात. पण कोचचं म्हणणं, खरं ओरडणं मैदानावरच येतं. म्हणून बाबा दवाखाना सोडून त्यांच्याबरोबर कोर्टावर गेले. बरोबर नऊ वर्षांची मुलगी होती, कारण त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ओरडायला कुणीतरी हवं, म्हणून कोचनी तिच्या हातात रॅकेट दिली. अर्धा तास ते तिच्यावर जिवाच्या आकांताने ओरडले. कवळी घट्ट राहिली. मुलीने लागोपाठ अकरा चेंडू नेटच्या पलीकडे मारले.

"कवळी झकास आहे," कोच म्हणाले. "हिला उद्यापासून पाठवा."

पुढची आठ वर्षं तिने कोचचं ओरडणं ऐकलं आणि शेवटी तो कप घरी आला. दंतवैद्याने तो मागून घेऊन पेशंटच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. त्याचं म्हणणं, कप बघत बसलं की लोक दातदुखी विसरतात. बाबांना ते पटलं नाही, पण ते रोज जाता-येता कप पुसायचे.

मग ती मोठ्यांच्या स्पर्धांमध्ये खेळायला लागली.

मुलींच्या टेनिसमध्ये तिचा एक फोरहँड होता. तो मारला की पॉइंट संपला असं समजून ती टॉवेल घ्यायला वळायची. मोठ्यांच्या टेनिसमध्ये तो चेंडू परत यायचा, आणि ती पाठमोरी असायची. पाच वर्षांत ती एकतीस स्पर्धा खेळली. त्यातल्या बावीस स्पर्धांत पहिल्याच फेरीत गारद झाली. एकदा उपांत्य फेरीपर्यंत पोचली, कारण समोरच्या दोघींना एकाच हॉटेलातलं जेवण बाधलं होतं. कोच मधल्या काळात आपल्या लेकीकडे राहायला निघून गेले आणि तिथून पत्रं पाठवायला लागले. पत्रांतही ते ओरडायचे. अर्धी अक्षरं मोठी असायची.

तेविसाव्या वर्षी खांदा दुखायला लागला. हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाला, "या खांद्याचं वय साधारण चाळीस आहे."

"आणि माझं?"

"बाकीच्या तुमचं तेवीस. पण दोघांना बरोबरच राहायचंय."

ती तिथून सरळ बाबांच्या खोलीत गेली. बाबा कुठल्यातरी शिक्षकाचा वरचा जबडा घासत होते. ती स्टुलावर बसली. काय बोलायचं ते तिने बसमध्ये पाठ केलं होतं, पण बसल्यावर एवढंच निघालं, "बाबा, मी सोडतेय."

बाबांची कानशी थांबली नाही. "काय सोडतेयस?"

"खेळणं."

"बरं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तो दिवा जरा इकडे धर."

तिने दिवा धरला. बाबांनी तो जबडा पुरा केला, फुंकर मारली, कापडात गुंडाळला. मग चष्मा काढून बराच वेळ पुसला. तो स्वच्छच होता. त्या विषयावर बापलेकींचं बोलणं तेवढंच झालं.

आता पोटापाण्यासाठी काहीतरी करायला हवं होतं. एका खेळाच्या दुकानात तिने रॅकेटच्या तारा ओवायचं काम केलं. खांद्याने महिनाभरात नाही म्हटलं. शाळेत मुलांना शिकवून बघितलं. तिथे अडचण अशी, की तिला स्वतःला जे येत होतं ते कसं येतं हे तिला माहीत नव्हतं. ती चेंडू मारून दाखवायची आणि म्हणायची, "असं." मुलं म्हणायची, "कसं?" ती पुन्हा मारायची आणि म्हणायची, "असं." सहामाहीनंतर शाळेने आभाराचं पत्र देऊन तिला मोकळं केलं. मधे एका इंजिनियरशी लग्नाचं घाटत होतं. मुलगा चांगला होता, हसतमुख होता. त्याने हौसेने तिच्याशी एक सेट खेळायला मागितला. त्या वेळी तिला अजून हरता येत नव्हतं. लग्नाचं पुढे काही झालं नाही.

हरायला ती क्लबात शिकली.

शहराच्या वरच्या अंगाला एक जुना क्लब होता. चार कोर्टं, एक वाचनालय, आणि साठीकडे झुकलेले पुष्कळ सभासद. त्यांच्याशी खेळायला एक जोडीदार हवा होता. सेक्रेटरींनी तिला तिथल्या तिथे कामावर घेतलं. पहिल्या आठवड्यात तिने चार सभासदांना सहा-शून्य असं हरवलं. शनिवारी सेक्रेटरींच्या टेबलावर तीन तक्रारी आणि एक राजीनामा होता.

सेक्रेटरींनी तिला बोलावलं. माणूस मृदू होता, बोलताना टेबलावरच्या पेन्सिली एका रेषेत लावायचा. "बाई, तुम्ही फार छान खेळता," तो म्हणाला. "तेच जरा कमी करायचं."

"म्हणजे हरायचं?"

"छे, छे! हरायचं असं कोण म्हणतंय? सभासदाला घाम यायला हवा. राग यायला नको."

ती घरी जाऊन विचार करत बसली. राजीनामा द्यावा असं एकदा मनात आलं. पण सोमवारी सकाळी ती कोर्टावर गेली आणि एका सर्जनकडून सात-पाच अशी हरली. सर्जन शीळ घालत ऑपरेशनला गेला. त्या दिवशीच्या पेशंटचं बरं झालं असावं असं तिला वाटत राहिलं.

हरणं वाटतं तितकं सोपं नसतं. दोन्ही सर्व्हिस चुकवून, म्हणजे डबल फॉल्ट करून, हरलं तर समोरच्याला अपमान वाटतो. चेंडू लांब बाहेर मारला तर तो काय ते समजतो. चेंडू रेषेच्या बाहेर जायला हवा तो दोन बोटं, जास्त नाही. आणि जाताना आपल्या तोंडून "अरेरे" निघायला हवं. समोरच्याच्या फोरहँडवर कमरेइतक्या उंचीचा चेंडू द्यायचा, पण सलग दोनदा नाही. बरोबरीत आल्यावर एक जबरदस्त फटका मारून पॉइंट घ्यायचा, म्हणजे पुढचा पॉइंट जिंकल्याचं त्याला मोल वाटतं. हे सगळं ती दोन वर्षांत शिकली. दोन बोटं बाहेर मारायचं तर रेष कुठे आहे ते झोपेतही माहीत असावं लागतं. इतकं अचूक टेनिस ती चॅम्पियन असतानाही खेळली नव्हती.

कोण किती फरकाने जिंकतं ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. सर्जन सात-पाच. वाचनालयाचे अध्यक्ष सहा-सहा बरोबरीनंतरच्या टाय-ब्रेकरमध्ये, कारण त्यांना थरार आवडायचा. आणि दर गुरुवारी सकाळी आठ वाजता गादीवाले, सहा-चार.

गादीवाल्यांचा गाद्यांचा कारखाना होता. माणूस आडवा, आवाज मोठा, मनाने वाईट नाही. फक्त जिथे जाईल तिथे सांगायचा, "चॅम्पियन आहे ना ती, तिला मी दर आठवड्याला हरवतो." ती शेजारी उभी असली तरी सांगायचा. असली तर जास्तच. ती म्हणायची, "हो, साहेबांचा हात चांगलाच बसलाय." असं करता करता वीस वर्षं गेली.

घरी तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. खोटंही बोलली नव्हती. "क्लबात खेळते," एवढंच म्हणायची. बाबांनी त्याचा अर्थ आपल्या मनाने लावला आणि कवळी घ्यायला येणाऱ्यांना सांगायला लागले, "मुलगी कोच आहे. मोठमोठे लोक हाताखाली आहेत."

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. दंतवैद्य कधीच वारला होता, कप घरी आला होता, आणि बाबा घरातच खिडकीपाशी टेबल मांडून जुन्या गिऱ्हाइकांच्या कवळ्या दुरुस्त करत होते. एका गुरुवारी सकाळी ते दूध आणायला बाहेर पडले आणि मागे दार लागलं. किल्ली आत. आई बहिणीकडे गेली होती. दुसरी किल्ली मुलीकडे होती, म्हणून हातातली दुधाची पिशवी घेऊन बाबा क्लबात गेले. इतक्या वर्षांत ते तिथे पहिल्यांदाच येत होते.

ते कोर्टाच्या जाळीपाशी पोचले तेव्हा पाच-चार झालं होतं आणि गादीवाले पुढे होते. बाबांना आधी वाटलं आपण गुण उलटे वाचतोय. मग त्यांनी बघितलं, की एक सुटलेल्या पोटाचा माणूस धापा टाकत, चेंडू कसाबसा पलीकडे ढकलतोय आणि आपली मुलगी तो सोपा चेंडू नेटमध्ये घालतेय.

"पाय!" बाबा जाळीबाहेरून ओरडले. "अगं, पाय हलव की!"

सगळे वळून बघायला लागले. तिचा चेहरा पांढरा पडला. पुढचा चेंडू तिने दोन बोटं बाहेर मारला आणि सवयीने म्हणाली, "अरेरे."

गादीवाले टॉवेल गळ्यात टाकून जाळीपाशी आले. "हे कोण?"

"माझे बाबा."

"अरे वा! काका, तुमच्या मुलीने आज चांगली झुंज दिली हां. नाराज होऊ नका."

बाबांनी त्यांच्या तोंडाकडे निरखून बघितलं. ती धंद्याची सवय होती. मग त्यांनी मुलीकडून किल्ली घेतली आणि निघून गेले. दुधाची पिशवी त्यांनी आल्या आल्या जाळीला अडकवली होती, ती तिथेच लटकत राहिली.

दोन दिवस घरात अबोला होता. बाबा तिच्याशी बोलत नव्हते, आईमार्फत बोलत होते. "तिला म्हणावं, डोळे तपासून घे." "तिला विचार, अशक्तपणा वगैरे आहे का." शेवटी आई वैतागून म्हणाली, "अहो, तिला काही झालेलं नाही. ती मुद्दाम हरते. तेच तिचं काम आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? कपडे मी धुते. वीस वर्षांत तिच्या शर्टाला घामाचा वास आलेला नाही."

रविवारी सकाळी ती स्वतःहून बाबांच्या टेबलापाशी जाऊन बसली. सुरुवातीपासून सगळं सांगितलं: तक्रारी, राजीनामा, सर्जन, दोन बोटं. बाबा ऐकत होते आणि हातातल्या मेणात एकेक दात बसवत होते.

"लाज नाही वाटत?" त्यांनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"पहिली दोन वर्षं वाटली. मग काम जमायला लागलं."

बाबांनी मेणातली ती दातांची ओळ तिच्यापुढे धरली. "हे बघ. काय दिसतं?"

"दात."

"हा इथला बघ, डावीकडचा. किंचित वाकडा बसवलाय. सगळे सरळ बसवले तर लांबूनही कळतं कवळी आहे म्हणून. गिऱ्हाईक म्हणतं, एकदम सरळ करा. मी हो म्हणतो आणि एक वाकडा बसवतो. सरळ मला येतात. वाकडा बसवायला वेळ लागतो." त्यांनी ओळ खाली ठेवली. "तेव्हा तुझं काम मला कळतंय. पण तो गाद्यांवाला..."

"त्याचं काय?"

"दात त्याचे स्वतःचे आहेत. माजसुद्धा." बाबांनी दुसरा दात उचलला. "त्याला एकदा तरी हरव."

"नोकरी जाईल, बाबा."

"मग नको," बाबा लगेच म्हणाले, आणि त्यांच्यातला अबोला संपला.

दोनच महिन्यांनी गादीवाल्यांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांनी क्लबात शंभर पाहुणे बोलावले आणि निमंत्रणावरच छापलं: सकाळी दहा वाजता माजी विजेतीशी लढत, त्यानंतर जेवण. लढत एकाच सेटची ठरली होती. बाबांना त्यांनी आग्रहाने बोलावलं, पहिल्या रांगेतली खुर्ची दिली. सेक्रेटरींनी आदल्या दिवशी तिला बाजूला घेतलं. "सहा-चार, नेहमीसारखं. फोटोग्राफर असणार, तेव्हा शेवटचा पॉइंट जरा नेटजवळ घ्या."

"घेते," ती म्हणाली. आणि तिच्या मनात खरंच तसंच होतं. माणसाचा साठावा वाढदिवस, बायको-मुलं समोर बसलेली. यात वाकडं काही करायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

गादीवाले नवे कोरे पांढरे कपडे घालून आले. शंभर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी घात केला. वीस वर्षं ते रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळले होते. त्यांनी पहिली सर्व्हिस केली, ती नेटमध्ये गेली. दुसरीही गेली. पाठोपाठ चार डबल फॉल्ट झाले आणि चॅम्पियनने चेंडूला हातही न लावता पहिला गेम जिंकला.

आपल्या सर्व्हिसवर तिने ते भरून काढलं. एक चेंडू दोन बोटं बाहेर, एक नेटच्या पट्टीला, आणि गरज पडली म्हणून आयुष्यात कधी केले नव्हते असे दोन मुद्दाम डबल फॉल्ट. बरोबरी झाली. पण पुढची सर्व्हिस पुन्हा गादीवाल्यांची होती. तिथे तिची सगळी विद्या लंगडी पडली. चेंडू आपल्याकडे आलाच नाही तर हरायचं कसं? एखादा चेंडू चुकून आत आला तर ती तो हलकेच, अगदी त्यांच्या फोरहँडवर, कमरेइतक्या उंचीवर नेऊन द्यायची, आणि ते तो पाहुण्यांत मारायचे. एक तर सरबताच्या पेल्यांत गेला. ती धावत होती, वाकत होती, त्यांच्या वेड्यावाकड्या फटक्यांना आत येईपर्यंत कसंबसं जिवंत ठेवत होती. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता. खांदा ठणकत होता. तीन गेम तिने कसेबसे त्यांच्या पदरात टाकले. आणखी डबल फॉल्ट केले तर पाहुण्यांनाही कळलं असतं, म्हणून चौथा साध्या चेंडूंनी टाकायला गेली, तो त्यांनी घेतलाच नाही.

पाच-तीन झालं. पाच तिचे. सेक्रेटरी एका झाडाला टेकून उभे होते आणि त्यांच्या हातात पेन्सिली नव्हत्या, म्हणून बोटंच एका रेषेत लावत होते.

गादीवाल्यांची सर्व्हिस. शून्य-चाळीस. आणि या वेळी, काय नवल, चेंडू आत आला. तिला इतका आनंद झाला, की तिने तो उंच, खूप उंच, सावकाश उडवून दिला. नेटजवळ, फोटोग्राफरच्या पुढ्यात, कुणालाही मारता येईल असा. गादीवाल्यांनी वर बघितलं, रॅकेट मागे नेली, सगळी ताकद लावून फिरवली. रॅकेट चेंडूच्या खालून गेली. चेंडू त्यांच्या मागे टप्पा घेऊन कुंपणापाशी जाऊन थांबला.

सहा-तीन. वीसहून जास्त वर्षांनी ती पुन्हा लोकांसमोर जिंकली होती, आणि आता काय करावं हे तिला सुचेना.

कुणीही टाळी वाजवली नाही. गादीवाले नेटपाशी आले. चेहरा लालभडक झाला होता. तिने माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"चॅम्पियनबाई," ते म्हणाले, आणि त्यांचा तो मोठा आवाज एकदम बारीक झाला. "वीस वर्षांत आज तुम्ही पहिल्यांदा माझ्याशी जीव तोडून खेळलात. मला काय कळत नाही असं वाटलं? घाम बघा केवढा आलाय." मग पाहुण्यांकडे वळून त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "बघितलंत? शेवटी हिला खरं खेळायला लावलं की नाही!"

आता टाळ्या पडल्या. खरं सांगण्यासारखी ती वेळ नव्हती.

घरी जाताना बाबांनी तिची रॅकेट आपल्या हातात घेतली. मग म्हणाले, "हरायचं बघत होतीस ना?"

"तुम्हाला दिसलं?"

"मलाच दिसलं असेल. अवघड गेलं?"

"एवढा अवघड सामना मी कधीच खेळले नाही."

"तुझी चूक नाही," बाबा म्हणाले. "त्याच्यापुढे हरणं कुणालाच जमलं नसतं."

नोकरी गेली नाही. उलट सोमवारपासून सेक्रेटरींपुढे वेगळाच पेच उभा राहिला. सर्जन येऊन म्हणाला, "गादीवाल्यांशी खरं खेळता, मग माझ्याशी का नाही?" वाचनालयाचे अध्यक्षही तेच म्हणाले. म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते झाकलं होतं. सेक्रेटरींनी विचार करकरून वेळ नोंदवायच्या वहीत एक नवा रकाना आखला. त्यात सभासदाने लिहायचं: खरं की नेहमीचं.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी "खरं" लिहिलं. सर्जन सोळा मिनिटांत हरला. अध्यक्ष चौदा मिनिटांत हरले आणि म्हणाले, थरार फार लवकर संपतो. गादीवाले अकरा मिनिटांत सहा-शून्य हरले. दुसऱ्या आठवड्यात तिघांनी "नेहमीचं" लिहिलं. गादीवाल्यांनी अक्षर जरा बारीक काढलं. त्या गुरुवारी ते सहा-चार जिंकले आणि दोघंही खुशीत होती.

"खरं" लिहीत राहिल्या त्या एकट्या जजबाई. कोर्टातून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या, काटकुळ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी टेनिस पन्नाशीनंतर सुरू केलं होतं. दर मंगळवारी त्या यायच्या, सहा-शून्य, सहा-शून्य हरायच्या, पाणी प्यायच्या, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायच्या आणि म्हणायच्या, "पुढच्या मंगळवारी." असे तेरा महिन्यांत छप्पन्न मंगळवार झाले. चॅम्पियन त्यांच्यावर दया करत नव्हती. तसं कबूलच झालं होतं. मंगळवारी तिच्या शर्टाला थोडा घाम यायला लागला, हे आईने न सांगता ओळखलं.

सत्तावन्नाव्या मंगळवारी, दुसऱ्या सेटच्या तिसऱ्या गेममध्ये, जजबाईंनी दोन पॉइंट घेतले. ते त्यांनी पूर्वीही घेतले होते. मग तिसरा घेतला. चॅम्पियनने पाय रोवले आणि आपला तो जुना फोरहँड मारला, पूर्ण ताकदीने, कोपऱ्यात. जजबाई धावल्या नाहीत. त्या आधीच तिथे उभ्या होत्या. छप्पन्न मंगळवार बघून बघून त्यांना तो पाठ झाला होता. त्यांनी नुसती रॅकेट आडवी धरली. चेंडू परत आला आणि चॅम्पियनच्या बाजूच्या रेषेवर पडला.

"आत की बाहेर?" जजबाईंनी विचारलं.

चॅम्पियन वाकून ती खूण बघत राहिली. बाहेर म्हटलं असतं तर कुणी विचारणारं नव्हतं. "आत," ती म्हणाली. "गेम तुमचा, बाई."

जजबाई हसल्या नाहीत की काही नाही. त्यांनी चेंडू उचलला, खिशात घातला, मग काढून परत दिला आणि म्हणाल्या, "चल, पुढचा." पुढचे सगळे त्या हरल्या.

घरी आल्यावर ती बूट न काढताच खुर्चीत बसली. बाबा भिंगातून एका खालच्या जबड्याकडे बघत होते. आई पडद्याची शिवण उसवत होती.

"आज जजबाईंनी एक गेम घेतला," ती म्हणाली.

बाबांनी भिंग खाली केलं. "दिलास?"

"नाही. त्यांनी घेतला."

"नीट आठवून सांग."

"आठवूनच सांगतेय."

आईने सुई थांबवली. मग बाबांनी विचारलं, "आता काय करणार?"

"उद्या लवकर उठवा मला. साडेसहाला सराव करायचाय."

"कुणाबरोबर?"

"भिंतीबरोबर," ती म्हणाली आणि वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागली.